दाखवायचे दात, खायचे दात: आजीच्या कवळीचा इतिहास

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आजचा भाग एका कबुलीने सुरू करतो. गुन्हा माझा आहे. तो घडला मुलुंडला, आमच्या घरात, दिवाळीच्या चार दिवस आधी.

आमच्याकडे मोरीच्या खिडकीत झाकणाची एक स्टीलची डबी असते. लहानपणापासून बघतोय. तिला हात लावायचा नाही, हे कोणी न सांगताही आम्हा सगळ्या नातवंडांना ठाऊक. त्या डबीत आजीची कवळी असते. तेव्हा आजीला बरं नव्हतं, हात थरथरायचे. आई म्हणाली, "आज जरा तू धुऊन दे रे." मी एकदम उत्साहात. कोविडच्या दिवसांपासून दिसेल ती वस्तू गरम पाण्यात टाकायची सवय लागलेली. पातेलंभर पाणी खळखळ उकळलं, कवळी त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली आणि वर आजीला ऐकवलं, "बघ, एक जंतू शिल्लक नाही आता!"

आजी काही बोलली नाही. दिवाळीत तिने चकली चहात बुडवून खाल्ली. भाऊबीजेला सगळे जेवत असताना नुसता दूधभात घेतला. विचारलं तर म्हणाली, "भूक नाही रे बाळा." आठवड्याभराने आईला तिच्या हिरडीवर जखम दिसली, तेव्हा उलगडा झाला. कवळी बसतच नव्हती. टोचत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी ती हातात फिरवून बघितली आणि विचारलं, "गरम पाण्यात घातली होती का?" मी खाली मान घातली. आजी पटकन म्हणाली, "पडली असेल हो कुठेतरी माझ्याच हातून."

त्या रात्री मी शोधायला बसलो. म्हटलं, ही वस्तू आली कुठून, कशाची असते, आणि ती सांभाळायची कशी हे घरात मला कोणीच का सांगितलं नाही? त्या शोधातून हा भाग तयार झाला. यात तीन कवळ्या आहेत. पहिली जॉर्ज वॉशिंग्टनची. दुसरी गांधीजींची. तिसरी माझ्या आजीची. म्हणजे दोन राष्ट्रपिते आणि एक आजी.

सुरुवात करू आपल्या म्हणीपासून. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. माणसाच्या खोट्या दातांचंही बरीच शतकं असंच होतं. ते मुख्यतः दाखवायचे होते.

कन्नौजचा राजा जयचंद माहीत असेल. १२व्या शतकाच्या अखेरीस चंदावरच्या लढाईत तो पडला. फारसी तवारिखांमध्ये असं म्हटलंय की रणांगणातल्या प्रेतांमध्ये त्याचं शरीर ओळखलं गेलं ते सोन्याने बसवलेल्या दातांवरून. जपानमध्ये तर १६व्या शतकातली एक अख्खी लाकडी कवळी आजही जपून ठेवलेली आहे. ती एका बौद्ध भिक्षुणीची. १५३८ मध्ये ती वारली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ९० वर्षं आधी कोणीतरी लाकूड कोरून तिच्या टाळूला नीट बसेल असा साचा केला होता.

आता वॉशिंग्टन. १७८९ मध्ये तो अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा फक्त एक दात उरला होता. त्याची कवळी लाकडाची होती असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते खोटं आहे. ती होती पाणघोड्याच्या सुळ्यांची, त्यात माणसांचे दात बसवलेले, आणि वरची-खालची बाजू जोडायला धातूच्या स्प्रिंगा. स्प्रिंग सतत जबडा उघडायला बघायची, म्हणून तोंड मिटून ठेवायला जोर लावावा लागायचा. डॉलरच्या नोटेवरचा त्याचा चेहरा गूगल करून बघा. ओठ किती घट्ट मिटलेत!

पण मला त्याची खरी गंमत सापडली ती एका पत्रात. १७९८ मध्ये त्याचा दंतवैद्य जॉन ग्रीनवुड याने त्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. वॉशिंग्टनने कवळी दुरुस्तीला पाठवली होती आणि ती काळी पडलेली होती. ग्रीनवुड त्याला सांगतो की हे पोर्ट वाइनमुळे झालंय. एक तर तुम्ही कवळी वाइनमध्ये भिजवत असाल, नाहीतर वाइन पीत असाल. आंबट पदार्थाने तिची चकाकी जाते. तेव्हा जेवण झाल्यावर ती काढा, स्वच्छ पाण्यात ठेवा आणि दुसरी घाला. नाहीतर बारीक खडूची पूड घेऊन ब्रशने घासा.

विचार करा. देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष, आणि त्याला कवळी रोज कशी धुवायची ते कोणीतरी बसून लिहून कळवतंय. मला हे वाचून जरा धीर आला. तो चुकला तर मी कोण!

ग्रीनवुडचा अर्धा सल्ला आजही बरोबर आहे. जेवल्यावर काढा, पाण्यात ठेवा. खडूचं मात्र आज चालणार नाही. का ते पुढे सांगतो, कारण मधे एक क्रांती झाली, आणि तिच्यात एक खूनही आहे.

१८४० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे भूल. अमेरिकेत होरेस वेल्सने १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड आणि विल्यम मॉर्टनने १८४६ मध्ये ईथर वापरून दाखवलं. दोघेही दंतवैद्य, बरं का. दात न दुखता निघायला लागल्यावर लोक किडके दात सरसकट काढून घ्यायला लागले. मग त्यांच्या जागी काहीतरी हवं. दुसरी गोष्ट म्हणजे रबर. चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक मिसळून ते तापवायची युक्ती काढली. पुढे त्याच्या भावाने त्यापासून कडक रबर केलं. त्याला म्हणतात व्हल्कनाइट. तोंडाचं माप घ्यायचं, साचा करायचा, त्यात हे रबर भरायचं आणि वाफेच्या दाबाखाली पक्कं करायचं. हस्तिदंत कोरत बसायची गरज संपली. कवळी पहिल्यांदाच नोकरदार माणसाच्या आवाक्यात आली. मुख्य म्हणजे ती घालून धड जेवता यायला लागलं.

आता खून. अमेरिकेत व्हल्कनाइट कवळीचं पेटंट एका कंपनीकडे होतं. कवळी करणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याने तिला पैसे द्यायचे, नाहीतर कोर्टात उभं राहायचं. जोसाया बेकन नावाचा कंपनीचा खजिनदार गावोगाव फिरून असे दंतवैद्य शोधायचा. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चॅल्फंट या दंतवैद्याने त्याच्या हॉटेलच्या खोलीत जाऊन त्याला गोळी घातली. चॅल्फंट तुरुंगात गेला. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि मग व्हल्कनाइट सगळ्यांचं झालं.

इथून आपण मुंबईत येऊ. कवळी स्वस्त झाली, पण ती करून देणारे इथे होते कोण? भारतातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात काढलं ते १९२० मध्ये. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आलं १९३३ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं हे काम अनेकदा बापाकडून मुलाकडे जायचं. स्टेशनबाहेर फडक्यावर दातांची रांग मांडून बसणारे होते. चिनी वंशाच्या दंतवैद्यांची घराणी होती. ती मूळची चीनच्या हुबेइ प्रांतातली, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी. 'चायनीज डेंटिस्ट' अशी पाटी तुमच्या आई-बाबांनी नक्की बघितली असेल, विचारा त्यांना.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, डेंटिस्ट्स ॲक्ट आला. त्यात एक फार व्यवहारी तरतूद होती. नोंदणीच्या यादीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीवाले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं याच कामावर पोट असलेले. म्हणजे सरकारने मान्य केलं की लोकांचे दात आजवर यांनीच सांभाळलेत, यांना एका दिवसात रस्त्यावर आणता येणार नाही. त्याच कायद्यात 'डेंटल मेकॅनिक' यांचीही नोंद होती. कवळी हाताने घडवणारे बरेचदा तेच. डॉक्टर माप घेतो, मेकॅनिक मेणात दात लावतो, साचा भरतो, घासतो, चकाकी देतो. आपल्या आजी-आजोबांच्या हसण्यामागे असा एक माणूस असतो, ज्याला त्यांनी कधी बघितलेलंही नसतं.

दरम्यान मालही बदलला होता. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक आलं. हे तेच प्लास्टिक, ज्याच्या काचा दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांना होत्या. व्हल्कनाइट काळपट, विटकरी असायचं. ॲक्रिलिकला हिरडीसारखा गुलाबी रंग देता येत होता. काही वर्षांतच व्हल्कनाइट मागे पडलं. आज तुमच्या घरातल्या डबीत जी कवळी आहे, ती बहुतेक ॲक्रिलिकचीच.

आणि माझ्या गुन्ह्याचं उत्तर इथे आहे. ॲक्रिलिक साच्यात दाबून तापवून पक्कं करतात. ते थंड होताना आत काही ताण अडकून राहतात. उकळत्या पाण्यात घातलं की ते ताण सुटतात आणि कवळी किंचित वाकते. डोळ्यांना दिसतही नाही. पण हिरडीला केसभर फरकही कळतो. मी तिला निर्जंतुक करत नव्हतो, तिचा आकार बिघडवत होतो.

आता गांधीजी. मे १९४४ मध्ये आगा खान पॅलेसच्या कैदेतून सुटल्यावर ते विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले होते. कस्तुरबा फेब्रुवारीत त्याच कैदेत गेल्या होत्या. तब्येत खचलेली. अंधेरी तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीतसुद्धा नव्हती. अंधेरीपर्यंतची उपनगरं १९५० मध्ये बृहन्मुंबईत आली, बोरिवली आणि मुलुंड तर १९५७ मध्ये. तर त्या शांत जुहूच्या वाळूत फिरणारा हा ७४ वर्षांचा माणूस बोळका होता. कवळी त्यांच्याकडे होती. त्यांच्याबद्दलच्या आठवणींत वारंवार येतं की ते ती फक्त जेवायला घालायचे. जेवण झालं की काढायची, धुवायची, पंच्याच्या घडीत ठेवून द्यायची. फोटो काढताना नाही, व्हाइसरॉयला भेटताना नाही. त्यांचे फोटो आठवा. बोळकं तोंड उघडून खळखळून हसतायत.

म्हणजे बघा, वॉशिंग्टनने ओठ मिटून लपवलं. गांधीजींकडे फक्त खायचे दात होते, दाखवायचे नव्हतेच.

आणि माझी आजी? तिचं सगळं लपवण्यातच गेलं. आजी कोकणातली. लहानपणापासून मशेरी लावायची. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बोटाने दातांवर घासायची. दातांसाठी चांगली, असं तिला सांगितलेलं. त्या मशेरीने हिरड्या गेल्या, पन्नाशीत दात हलायला लागले. आजोबा तिला नायरच्या दंत रुग्णालयात घेऊन गेले. पूर्ण कवळी एका फेरीत होत नाही. आधी माप, मग पक्कं माप, मग चावा कसा बसतो ते बघायचं, मग मेणातली ट्रायल, मग कवळी. नंतर टोचतंय का ते दाखवायला आणखी फेऱ्या. दर वेळी मुलुंडहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्न, मग मुंबई सेंट्रल. तिने ते सगळं तोंडाला पदर लावून केलं.

त्यानंतर तीस वर्षं ती घरात सगळ्यात शेवटी झोपली आणि सगळ्यात आधी उठली. मला वाटायचं, कामाची सवय. आता कळलं. एका खोलीत आम्ही सहा जण. मुलगा, सून, आम्ही नातवंडं. कवळी काढलेल्या तोंडाने तिला कोणी बघायला नको होतं. कित्येक रात्री तर ती कवळी काढायचीच नाही. तशीच झोपायची.

आणि हे तिला महागात पडू शकलं असतं. कवळी चोवीस तास तोंडात राहिली की तिच्याखाली बुरशी वाढते, टाळू लाल होतो, हिरडीला श्वास मिळत नाही म्हणा ना. जपानमध्ये ८५ च्या पुढच्या ५२४ जणांवर तीन वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी घालूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण रात्री कवळी काढून ठेवा, हे दंतवैद्य सांगतात ते उगाच नाही. फक्त ते सांगताना त्या घरात खोल्या किती आहेत, हे कोणी विचारत नाही.

तर आता कामाचं बोलू. घरी आजी-आजोबांची कवळी असेल तर हे ऐका. मी चुकून शिकलोय, तुम्ही फुकट शिका.

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून साध्या पाण्याने विसळायची. धुताना खाली भरलेली बादली किंवा दुमडलेला टॉवेल ठेवायचा. ओली कवळी निसरडी असते, मोरीच्या लादीवर पडली की दोन तुकडे. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि सौम्य साबण घेऊन आतून-बाहेरून घासायची. टूथपेस्ट नको, मंजन नको. ग्रीनवुडचा खडू आठवतोय? त्यातली कचकच ॲक्रिलिकवर बारीक ओरखडे पाडते, आणि मग त्या ओरखड्यांत घाण बसते. पाणी साधं किंवा कोमट. उकळतं कधीच नाही. हे तर तुम्ही विसरणारच नाही आता.

रात्री काढून पाण्यात ठेवायची. कोरडी ठेवली तर तिचा आकार बदलतो. मेडिकलमध्ये क्लिन्सोडेंटसारख्या फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात. पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ भिजवायची आणि घालण्याआधी भरपूर पाण्याने धुवायची. गोळी तोंडात टाकायची नसते, हे घरच्यांना नीट सांगा. कवळीला धातूच्या तारा असतील तर ब्लीचच्या वाटेला जाऊ नका. आणि कवळी निघाल्यावर हिरड्या, टाळू, जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसायची. दात नाहीत म्हणून तोंड धुवायचं थांबत नाही.

तुटली तर झटपट चिकटवायचा गोंद लावू नका. सैल झाली तर खाली कापूस कोंबू नका. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, म्हणून आधी नीट बसणारी कवळी काही वर्षांनी सैल होतेच. यात आजीची चूक नसते. वर्षातून एकदा दाखवून आणा. आणि हॉस्पिटलात ॲडमिट व्हायची वेळ आली, तर कवळी कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून उशीशी ठेवू नका. ती कचऱ्यात जाते. झाकणाची डबी घ्या, वर मार्करने नाव लिहा.

आमच्या आजीची नवी कवळी झाली. तिच्यासोबत सगळ्या फेऱ्या मी केल्या. मेणाच्या ट्रायलला डॉक्टरांनी आरसा दिला, तर तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी फोनमध्ये डोकं घातलं. मग तिने आरशात बघितलं.

आता रात्री दिवा बंद झाला की मी मोरीत जातो, डबीत ताजं पाणी भरतो, बादली खाली ठेवतो आणि बाहेर येतो. पुढचं ती करते. मग भिंतीकडे तोंड करून झोपते. भिंतीकडे का होईना, पण कवळी डबीत असते. कधी कधी अंधारातच गप्पा मारते. कवळी नसल्यामुळे शब्द जरा वेगळे येतात. तिला वाटतं मला कळत नाहीत. सगळे कळतात.

हा भाग तिला ऐकवूनच टाकतोय. उकळत्या पाण्याचा भाग आला तेव्हा म्हणाली, "सांगायची काय गरज होती रे? पडली होती म्हणाले होते ना मी."

तर मंडळी, आज घरी गेल्यावर ती डबी कुठे असते ते बघा. आणि दिवाळीला आजी चकली चहात का बुडवते, हे एकदा विचारा. आवडते म्हणून बुडवत असेल तर छानच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!